जगूमामांच्या टेकड्या बघायला

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात एक डोंगर आहे. बारा फूट रुंद, नऊ फूट उंच, मांजरपाटावर रंगवलेला. एका बाजूला पत्रे कापणारं युनिट, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचं गोडाऊन आणि मध्ये आमचा फोटो स्टुडिओ. गेली बावीस वर्षं मी इथे कुकर, नळ, तुपाचे डबे आणि चहाचे पुडे यांचे फोटो काढते. खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस हे आम्हाला चहावाला सांगतो.

गिऱ्हाईक खेड्याचा माल घेऊन आलं, म्हणजे तूप, गूळ, मसाले असं काही, की आम्ही तो डोंगर मागे खाली सोडतो. एकीमागे एक अशा चार टेकड्या, पिवळं गवत, उजवीकडून आडवं ऊन आणि प्रत्येक टेकडीच्या डाव्या अंगाला लांब सावली. मग मी म्हणते, "दत्ताराम, संध्याकाळ लाव." दत्ताराम आमचा लाइटमन. मूळचा कुडाळकडचा, राहायला बोरिवलीला, साठी गाठलेला. तो उजवीकडच्या दिव्यावर नारिंगी जिलेटिनचा कागद चढवतो आणि तुपाच्या डब्यावर संध्याकाळ होते. हा आमच्या गाळ्यातला रोजचा शब्द आहे, त्याच्याकडे कधी कोणी वळून बघितलं नाही.

तो पडदा जगूमामांनी रंगवला. जगूमामा म्हणजे अंधेरीच्या स्टुडिओंमधून सिनेमाच्या सेटचे पडदे रंगवणारे जुने पेंटर. राजवाडे, चांदण्या रात्री, काश्मीर, सगळं त्यांनी काश्मीर न बघता रंगवलं. पण टेकड्या मागितल्या की ते एकच चित्र काढत, आपल्या गावचं. गाव पाटणच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याशी. सोळाव्या वर्षी ते तिथून निघाले ते जोगेश्वरीचे झाले.

मागच्या वर्षी मामांचे डोळे अधू झाले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा खराब झालाय. मामांनी हसत हसत मला सांगितलं की पडदे रंगवणाऱ्याचाच पडदा गेला बघ. मधलं दिसणं गेलंय, कडेचं शिल्लक आहे, आणि तेही किती दिवस राहील ते कोणी सांगत नाही. बारीक काही दिसत नाही. गडद सावली आणि उजेड एकमेकांना लागून असले तर तेवढं कळतं.

डिसेंबरात ते गाळ्यात येऊन बसले होते. चहा प्यायले आणि म्हणाले, एक काम करशील का. त्या चार टेकड्यांपैकी दुसरी आणि तिसरी यांच्या मध्ये त्यांनी एक घडी रंगवली आहे. लुगड्याला पडते तशी, खोल, सावलीनं भरलेली. आईच्या बाराव्याला ते शेवटचे गावी गेले, दुपारी पोहोचले, संध्याकाळच्या गाडीनं परतले. तेव्हा बघितलं तर घडी नव्हतीच. सपाट डोंगर. "तेव्हापासून मनात किडा आहे," ते म्हणाले. "जन्मभर मी तीच घडी मारली. ती आहे का गं तिथं, का माझीच आपली? डोळे आहेत तोवर मला एकदा बघायचंय." गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपणार नव्हता. मी फोटो काढून आणायचा, मोठा छापायचा. सूचना दोनच होत्या. भैरोबाच्या देवळामागच्या कट्ट्यावर बसायचं, तोंड उत्तरेला. आणि ऊन आडवं पडेल तेव्हाच काढायचा, नाहीतर घडी दिसणार नाही.

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं ते माणूस नाही.

गुरुवार. भैरोबाचा कट्टा

कराडपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. दत्ताराम खिडकीशी बसला होता आणि मांडीवर त्याचा चंदेरी रिफ्लेक्टर होता, मोठ्या थाळीसारखा गोल. डोंगराला रिफ्लेक्टर कशाला असं मी विचारलं तर म्हणाला, असूं दे, सवय असा.

स्टँडवर जगूमामांचा पुतण्या शंकरराव जीप घेऊन आले होते. ते गाव ते पाटण अशी प्रवासी जीप चालवतात. एरवी पहाटे अंधारात निघतात, अंधार पडल्यावर परततात. पाटण सोडलं आणि रस्ता चढायला लागला तशी दोन्ही बाजूंनी जमीन वर-खाली व्हायला लागली. टेकडी संपते तिथून दुसरी चढते, कुठे म्हणून सरळ रेघ नाही. उतारांवर वाळकं गवत, मध्येच गव्हाचा हिरवा तुकडा, आणि वरच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आळसावल्यागत फिरत होती. आमच्याकडे उंच काही दिसलं की ते टॉवरच असतं. डोळा थोडा वेळ बावचळतो.

शंकररावांच्या घरी कुसुमवहिनींनी आधी गूळपाणी दिलं, मग विचारपूस. कुसुमवहिनी म्हणजे शंकररावांच्या मंडळी. लग्नानंतर नऊ वर्षं त्या घाटकोपरला राहिल्या होत्या, शंकरराव तिथे माथाडीत होते तेव्हा. त्यामुळे मुंबईच्या माणसाला काय लागतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. न विचारता त्यांनी फोनच्या चार्जिंगची जागा दाखवली.

चहा पिताना मी घडीचं विचारलं. शंकरराव हसायलाच लागले. "काकांच्या डोक्यातलं हाय त्ये. सगळा एकच डोंगूर हाय की वो. त्यात घडी कसली आन् काय कसली." मला जरा धास्ती वाटली.

देऊळ घरापासून पाच मिनिटांवर. मागे दगडी कट्टा, समोर ओढ्याचं खोरं आणि पलीकडे टेकड्या. मी बघितल्याबरोबर ओळखल्या. बावीस वर्षं रोज ज्यांच्यासमोर तुपाचे डबे मांडले, त्या टेकड्या समोर उभ्या होत्या आणि खऱ्या होत्या.  ओळखीच्या माणसाचं घर पहिल्यांदा बघावं तसं वाटत होतं.

पण घडी नव्हती. दुसऱ्या टेकडीपासून तिसरीपर्यंत सलग पिवळा उतार.

साडेचार वाजले होते. मी तिपाई लावली, लेन्स लावली आणि आडव्या उन्हाची वाट बघत बसले. सूर्य मावळायला अजून पावणेदोन तास, त्याला खाली उतरू दे, असा माझा हिशोब. अंधेरीत वाढलेल्या माणसाला यात शिकवण्यासारखं काही नसतं. वर्सोव्याला जायचं, कोळीवाड्याच्या बाजूनं पाण्यापर्यंत चालायचं, सूर्य खाली खाली येत लाल होतो आणि समुद्रात बुडतो. शेवटचा अर्धा तास सगळ्यात सोनेरी. कॉलेजात कॅमेरा हातात आला तेव्हापासून मी हेच करत आले.

इथे पाच वाजायच्या आत सूर्य गेला. मावळला नाही, गेला. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य भिंत उभी आहे, तिच्यामागे तो टेकला आणि सावलीची कड खोऱ्यातून सरकत टेकड्यांवर चढली. पाच मिनिटांत सगळं राखाडी. आकाश मात्र तासभर लख्ख उजळ होतं.

"बाय, ह्यो सूर्य खंय गेलो?" दत्तारामनं विचारलं.

मी म्हटलं, डोंगरामागे.

"आमच्याकडे असो नसता," तो म्हणाला आणि रिफ्लेक्टर घडी करून पिशवीत घातला.

रात्री जेवायला घेवड्याची आमटी, भाकरी, कारळ्याची चटणी आणि वाफाळता इंद्रायणी भात. हा तांदूळ त्यांच्याच खाचरातला, वास घरभर. आमच्या सोसायटीत भात हा वरणाखाली घालायचा पदार्थ आहे, इथे तो नुसता खाल्ला तरी पोट आणि मन दोन्ही भरत होतं. दत्ताराम चवीनं जेवला, पण हात धुताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की सुक्या बांगड्याचा एक तुकडा असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार. वरचं पठार आणि पुन्हा कट्टा

मी आठ वाजता उठले. सुट्टीच होती म्हणा. अंगणात ऊन छान तापलं होतं. बंबात पाणी तयार होतं आणि कुसुमवहिनींची गुरं-ढोरं, झाडलोट, गवताचा एक भारा, सगळं उरकून झालेलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोह्यांची ताटली पुढे केली.

माझ्याकडे त्या दिवसाची संध्याकाळ होती आणि नंतर फक्त शनिवार. शनिवारी दुपारी निघायचं होतं, कारण रविवारी गाळ्यात मसाल्याच्या कंपनीचं शूट लागलं होतं. तेव्हा मी जरा डोकं चालवलं. खाली सूर्य लवकर जातो तर वर जावं. पठार उंच आहे, तिथे ऊन उशिरापर्यंत राहील, तिथून टेकड्यांचा फोटो मिळेल. हा विचार मला फार हुशारीचा वाटला होता.

दुपारी दोनला आम्ही चढायला लागलो. वाट चांगली होती, माझा दम चांगला नव्हता. करवंदीच्या जाळ्या, मध्येच तांबडी माती, मध्येच काळा कातळ. चढावर एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. त्यानं आमच्या तिपाईकडे बघून विचारलं, मोजणीला आलाय का. जमीन मोजणारे सरकारी लोक तिपाईच घेऊन येतात. नाही, फोटो काढायला आलोय, असं सांगितल्यावर त्याची काळजी मिटली आणि त्यानं आम्हाला त्याच्या बाटलीतलं पाणी दिलं. नंतर विचारलं, कशाचा फोटो. मी टेकड्या दाखवल्या. त्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, बरं.

पठारावर वारा इतका, की दत्तारामनं सवयीनं रिफ्लेक्टर उघडला आणि तो त्याच्या हातातून सुटून गवतावरून लोळत शंभर पावलं गेला. मागे धावण्यात आमची अर्धी शक्ती गेली. साडेपाचपर्यंत पठारावर खरोखरच ऊन होतं, सोनेरी, आडवं, माझ्या मनासारखं. आमच्या अंगावर, पवनचक्क्यांच्या पात्यांवर, गवताच्या टोकांवर. आणि ज्यांच्यासाठी आलो त्या टेकड्या खाली केव्हाच सावलीत बुडाल्या होत्या. वरून तर त्या टेकड्याही वाटत नव्हत्या. मळक्या चादरीसारखं काहीतरी खाली अंथरलेलं होतं. मी एकही फोटो काढला नाही.

उतरताना मी दत्तारामवर उगाचच चिडले. तिपाईचा पट्टा नीट बांधला नाही म्हणून. त्यानं ऐकून घेतलं. बावीस वर्षांत त्याला माझा राग कुठून कुठे जातो हे माहीत झालंय. खरं तर मी मामांवर चिडले होते. म्हाताऱ्यानं घडी कल्पनेनंच रंगवली असणार, आणि आता मला परत जाऊन ते त्यांना सांगावं लागणार. ते ऐकतील, हसतील आणि नंतर घरी जाऊन भिंतीकडे बघत बसतील. हे चित्र मला नको होतं.

कट्ट्याजवळ कुसुमवहिनी देवाला दिवा लावायला आल्या होत्या. मी कट्ट्यावर बसकण मारली. फोनमध्ये आमच्या पडद्याचा फोटो होता, तो काढून त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, वहिनी, तुम्ही रोज तिकडे गवताला जाता, खरं सांगा, ही घडी कुठे आहे का.

त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "हाय की. ह्यो आमचा जुना खळगा. सासूबाई नाचणी करायच्या तितं. आता गवं लई येत्यात म्हणून पडीक हाय." मग पडद्यावरच्या टेकड्यांवर बोट फिरवत म्हणाल्या, "पर ह्यो फोटू तर सकाळचा हाय."

मी विचारलं, सकाळचा कशावरून.

"सावली डावीकडं पडली न्हाई का?" त्या म्हणाल्या. "सूर्य उजव्या हाताला, तकडं उगवतीला. सांजंचा तकडं कुठनं येईल त्यो?"

उत्तरेला तोंड करून बसलं की उजवा हात पूर्वेला. हे मी चौथीत शिकले होते आणि तेव्हा मला पैकीच्या पैकी गुण होते. काल मी त्याच कट्ट्यावर बसले, सूर्य माझ्या डाव्या कानामागे जाताना डोळ्यांनी बघितला, आणि पडद्यावरचं ऊन उजवीकडून येतंय हे मला एकदाही खटकलं नाही. कारण आडवं ऊन म्हणजे संध्याकाळ, ही गोष्ट माझ्या डोक्यात वर्सोव्याच्या वाळूत कायमची रुतलेली. आमच्या बिल्डिंगच्या पूर्वेला दुसरी बिल्डिंग आहे. तिच्यावरून सूर्य वर येतो तोवर तो चांगला पांढराशुभ्र झालेला असतो. उगवतं ऊन मी शेवटचं कधी बघितलं, मला आठवेना.

मी त्यांना विचारलं, काल का नाही सांगितलंत.

"तुमी सूर्यास्त बघाय आलाय आसं वाटलं. मुंबईची समदी त्येच बघत्यात." मग म्हणाल्या, "आन् सकाळी उठतंय कोण मुंबईत?"

दत्ताराम पलीकडे तोंड करून हसत होता. मी त्याची माफी मागितली, पट्ट्याबद्दल.

शनिवार. खळगा

पहाटे साडेपाचला कुसुमवहिनींनी उठवलं. बाहेर थंडी अशी, की नाक आपलं आहे की नाही ते चाचपून बघावं. कॅमेऱ्याची बॅग मी रात्री मुद्दाम पडवीत ठेवली होती. स्वयंपाकघरात चुलीचा धूर, लेन्सला त्रास नको, असा माझा शहाणपणा. आता चहा प्यायला चुलीपाशी बसले, बाजूला बंब उकळत होता, आणि म्हटलं हातासरशी सेटिंग बघून घेऊ. बॅग आत आणली. गार पडलेल्या लेन्सनं त्या उबदार वाफेत तोंड काढलं मात्र, काच आतबाहेर पांढरी झाली. गरम पोळ्यांवर ठेवलेल्या झाकणासारखी.

कुसुमवहिनींनी लगेच मऊ लुगड्याचा तुकडा आणून दिला. पुसायला हात नेला तर दत्तारामनं माझं मनगट धरलं. तो फारसं कधी असं करत नाही. म्हणाला, पुसू नको, ओल आत असा, बाहेर चल, आपोआप जायत.

कट्ट्यावर येऊन बसलो तेव्हा पूर्व उजळली होती. टेकड्या निळ्या, सपाट. मी कॅमेरा मांडीवर धरून लेन्सकडे बघत होते आणि दत्ताराम उगवतीकडे. काचेचा मधला भाग अजून दुधाळ होता.  दुपारच्या गाडीचं तिकीट खिशात होतं. मामांच्या डोळ्यांचं तर कुणीच काही सांगत नव्हतं.

सात वाजून गेले आणि ऊन आलं. आधी चौथ्या टेकडीच्या माथ्यावर, नारिंगी नाही, फिकट, ताकावरच्या लोण्यासारखं. मग तिसरीवर. गवताचं प्रत्येक पातं उठून दिसायला लागलं. बांध दिसले, जुन्या ताली दिसल्या, गुरांच्या वाटा दिसल्या. दोन दिवस जो सलग उतार मी बघत होते त्याच्यावर किती काय होतं. आणि ऊन दुसऱ्या टेकडीपर्यंत उतरलं तेव्हा दोन्हींच्या मध्ये एक काळी रेघ उमटली. ती रुंद होत गेली, खाली वाकली, खाली जाऊन डावीकडे वळली. पडद्यावर जशी आहे तशी, त्याच वळणाची.

मला रडू आलं. आवरता आलं नाही.

"मामान खोटा नाय काढल्यान," दत्ताराम म्हणाला. एवढंच.

लेन्सच्या मधोमध रुपयाएवढी जागा स्वच्छ झाली होती. ती पसरत गेली. मी डोळा लावला आणि काढत सुटले. सावली आधी गडद होती, मग तिच्यात वरून ऊन शिरायला लागलं, खळग्याचा तळ उजळला, आणि अर्ध्या-पाऊण तासात घडी पुन्हा बुजली. समोर पुन्हा शंकररावांचा एकच डोंगर. कुणी तेव्हा येऊन बघितलं असतं तर मला वेडी म्हणालं असतं.

नंतर कुसुमवहिनी आम्हाला ओढा ओलांडून त्या खळग्यात घेऊन गेल्या. आत उतरल्यावर गाव दिसत नाही. फक्त भैरोबाच्या देवळाचा कळस आणि मागचा कट्टा तेवढा नेमका समोर. पडीक रानात गुडघाभर गवत, गव्यांच्या खुरांचे खोल ठसे, आणि कडेनं माती अडवणारी दगडी ताल अजून शाबूत. कुसुमवहिनी त्या तालीवर बसून शेंगा सोलत म्हणाल्या की काकांची आई भल्या सकाळी यायची, ऊन चढायच्या आत काम उरकायची. हे त्यांनी सासूबाईंकडून ऐकलेलं.

निघताना दत्तारामचा रिफ्लेक्टर सापडेना. अंगणात बघितलं तर त्यावर मिरच्या वाळत होत्या. वहिनींना वाटलं, भेट आणलीय. दत्ताराम म्हणाला, असूं दे, उपयोगाक येताहा. बदल्यात आम्हाला पाच किलो इंद्रायणी मिळाला.

पुढच्या गुरुवारी. साकीनाका

फोटो मी सहा फूट रुंद छापून घेतला. रंगांशी खेळले नाही, फक्त सावली आहे तेवढी गडद राहील असं बघितलं. पडद्याच्याच शेजारी, त्याच पाइपवर टांगला.

मामांना त्यांची सून जोगेश्वरीहून रिक्षानं घेऊन आली. त्यांनी आधी हातानं कागदाची कड शोधली, मग दोन पावलं मागे सरले आणि मान वाकडी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तसे, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागले. पत्रे कापायचं मशीन बाजूला ओरडत होतं. ते थांबलं तरी मामा बघतच होते.

मग पुढे येऊन त्यांनी बोट ठेवलं. चौथ्या टेकडीच्या माथ्यावरून सावलीच्या कडेनं बोट खाली आणलं, तिसरीवर आलं, तिथून घडीत उतरलं. तळाशी डावीकडे वळलं आणि थांबलं.

"आहे की गं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. त्यांची शाळा त्या कट्ट्यावरच भरायची. मास्तर हजेरी घ्यायला लागायचे तेव्हा समोर ऊन उतरत असायचं. आई घडीत असायची, सावलीत, दिसायची नाही. ऊन तळाला पोहोचलं की ती एकदम दिसायची, लाल लुगड्यातली, वाकलेली. तेवढं बघण्याच्या नादात स्वतःचं नाव पुकारलेलं त्यांना ऐकूच यायचं नाही आणि मास्तर कान पिरगाळायचे. रोज.

मी म्हटलं, मामा, मी दोन दिवस संध्याकाळच्या उन्हामागे धावले. तुम्ही सकाळ म्हणून सांगायचं तरी.

"तिथं आडवं ऊन सकाळीच पडतं," ते म्हणाले. "वेगळं काय सांगायचं?"

आणि बावीस वर्षं आम्ही या पडद्यावर संध्याकाळ लावतोय, तेव्हाही कधी बोलला नाहीत?

"गिऱ्हाईक तुमचं, लाइट तुमचा. मी आपला पडदा दिला." मग म्हणाले, "पण वाटायचं हां. दर वेळी वाटायचं."

मी दत्तारामकडे बघितलं. त्यानं आधीच स्टूल ओढलं होतं.

"दत्ताराम," मी म्हटलं, "सकाळ लाव."

त्यानं दिव्यावरचा नारिंगी कागद काढला, दिवा हातभर खाली घेतला आणि पेटवला. रंगवलेल्या टेकड्यांवर उजवीकडून फिकट उजेड पडला. इतकी वर्षं तांबूस दिसणारं गवत लोण्यासारखं पिवळं झालं. मामा छापलेल्या फोटोकडून पडद्याकडे वळले, मान वाकडी केली आणि स्वतःच्या हातानं रंगवलेल्या घडीकडे बघत उभे राहिले.

सुनेनं दारातून हाक मारली, "बाबा, रिक्षा आली." थोड्या वेळानं पुन्हा मारली. त्यांना ऐकू गेली नाही.